टीबीच्या गोळ्या चालू आहेत, खोकला थांबला, मग पोट का बिघडलंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५२ वर्षांचे, केज तालुक्यातले, ऊसतोडीला जाणारे. दोन महिन्यांपूर्वी फुप्फुसाच्या टीबीचं निदान झालं. सरकारी गोळ्या चालू आहेत, रोज तीन. ताप गेला, खोकला थांबला, दोन महिन्यांनंतरचा बेडका निगेटिव्ह आला. पण भूक लागत नाही, पोट गुबारतं, दिवसातून दोन-तीनदा पातळ होतं. उंची पाच फूट पाच इंच, वजन ४० किलो होतं ते ४१ झालं. सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) अजून वाढलेलाच आहे. एका लॅबवाल्यानं ‘लीकी गट’ची, म्हणजे आतड्याचं अस्तर गळकं झालंय का याची तपासणी सुचवली आणि पाहुण्यांनी प्रोबायोटिकची, म्हणजे ‘चांगल्या’ जिवंत जंतूंची पावडर आणून दिली. टीबी छातीत असताना पोट का बिघडतं, आतड्यासाठी वेगळं औषध लागतं का, आणि दसऱ्यानंतर टोळी निघेल तेव्हा काय करायचं, हे विचारलंय.

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. बीड, लातूर, धाराशिव भागातले टीबीचे रुग्ण कित्येक वर्षं बघतो आहे. त्यामुळे या प्रश्नातलं जवळपास प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटलं. आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं सांगतो.

टीबी छातीत असला तरी आतडं त्यातून सुटत नाही. आजाराची सूज (बाहेरून दिसणारी नव्हे, जंतूंशी लढताना अंगात आतून होणारा दाह), उपासमार आणि काही प्रमाणात औषधं, या तिन्हींमुळे आतड्याचं अस्तर कमकुवत होतं आणि त्यातून अंगातली सूज आणखी वाढते. यावर बाटलीतलं किंवा पुडीतलं वेगळं औषध नाही. टीबीच्या गोळ्या न चुकता घेणं आणि पोटात रोज पुरेसं अन्न जाणं, अस्तर यानेच भरून येतं. मात्र तुमच्या वडिलांच्या बाबतीत ‘हे टीबीमुळे होतंच’ असं म्हणून बसून राहू नका. दोन महिन्यांत किलोभरच वजन वाढणं आणि रोज पातळ होणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टरांनी पोटाला हात लावून तपासलं पाहिजे. काय तपासायचं ते पुढे सांगतो.

आता आतड्याकडे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याच्या एका बाजूला आपण खाल्लेलं अन्न आणि अब्जावधी जंतू, दुसऱ्या बाजूला रक्त. या थराला बारीक उंचवटे असतात, त्यांना विलाय म्हणतात. ते सगळे उलगडून आतड्याचा आतला पृष्ठभाग मोजला तर साधारण ३० चौरस मीटर भरतो. पेशी एकमेकींना क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी घट्ट जोडलेल्या असतात, वर बुळबुळीत स्रावाचा थर असतो, आणि दर तीन ते पाच दिवसांनी जवळपास सगळं अस्तर नव्यानं तयार होतं. म्हणजे आतड्याला रोज प्रथिनं आणि ऊर्जा लागते, आणि त्यातली बरीचशी ते समोरून जाणाऱ्या अन्नातूनच उचलतं. शेताच्या बांधाला दरवर्षी माती घातली नाही तर तो जसा आपोआप खचतो, तसं अन्न न मिळालेलं अस्तर खचतं. विलाय बुटके होतात, पेशींमधले सांधे सैल पडतात.

टीबीत नेमकं काय होतं? फुप्फुसात जंतूंशी लढणाऱ्या पेशी टीएनएफ, इंटरफेरॉन गॅमा, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडतात. जंतूंना कोंडून ठेवायला ती लागतातच. पण ती रक्तातून सगळीकडे फिरतात. मेंदूत पोचली की भूक मरते, स्नायूंत पोचली की मांस झडतं, यकृतात पोचली की सीआरपी वाढतो आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घटतं. आतड्याच्या पेशींवर टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा घातले की पेशींमधले सांधे सैल होतात, हे प्रयोगशाळेत स्पष्ट दिसलेलं आहे. सांधे सैल झाले की आतड्यातल्या जंतूंच्या कवचाचे तुकडे, विशेषतः एलपीएस नावाचा घटक, रक्तात झिरपतात. आतड्याकडून येणारं रक्त आधी यकृतात जातं. तिथल्या पेशी हे तुकडे गाळून घेतात, पण प्रमाण वाढलं की काही पुढे निसटतात. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना एलपीएस दिसला की त्या पुन्हा टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ सोडतात. छातीतली आग पोटाला लागते आणि पोटातून परत छातीला इंधन मिळतं, असा हा फेरा आहे.

हे मोजायचं कसं? मोनोसाइट चेतवल्या की त्यांच्या अंगावरचा सीडी-१४ नावाचा भाग सुटून रक्तात येतो, आणि यकृत एलपीएसला धरणारं एक प्रथिन जास्त बनवतं. टीबीच्या रुग्णांमध्ये ही दोन्ही वाढलेली दिसतात, मधुमेह किंवा एचआयव्ही सोबत असेल तर जास्तच. एचआयव्हीमध्ये आतड्यातून जंतूंचे घटक रक्तात जाणं आणि सततची सूज यांचा संबंध २००६ पासून नीट मांडला गेलेला आहे. टीबीतला पुरावा तेवढा भक्कम नाही. माणसांवरचे बहुतेक अभ्यास ‘दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात’ एवढंच सांगतात. टीबीनं आतडं बिघडवलं, की आधीच बिघडलेल्या आतड्यामुळे टीबी बळावला, हे त्यातून ठरत नाही. आपल्या भागात तर माझ्या मते दोन्ही खरं असतं.

तसं का म्हणतो ते सांगतो. ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत मी जे पाहिलंय, ते डोळ्यांपुढून जात नाही. रात्री उशिरा थापलेल्या भाकरी फडक्यात बांधून पहाटेच्या अंधारात फडावर जायचं. दुपारी तीच वाळलेली भाकरी, मीठ-मिरचीचा ठेचा, जमलं तर कांदा. पाणी पाटाचं किंवा विहिरीचं, कुणी गाळत नाही, उकळायला वेळ नाही. मोळी उचलून पाठ-कंबर धरली की मुकादमाकडच्या किंवा गावातल्या दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या, त्याही रिकाम्या पोटी, कित्येकदा रोज. रात्री अंग मोकळं व्हावं म्हणून देशी दारू. यातली एकेक गोष्ट आतड्याच्या अस्तराला दुखावणारी आहे. अस्वच्छ पाण्यातले जंतू वर्षानुवर्षं पोटात जात राहिले की जुलाब नसतानाही विलाय बुटके होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये दक्षिण भारतातल्या लोकांच्या आतड्यांवर यासंबंधी फार जुनं आणि मोलाचं काम झालेलं आहे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आतड्याला बारीक जखमा करतात. दारूपासून शरीरात जे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं, ते पेशींचे सांधे सैल करतं. असा माणूस टीबी होण्याआधीच अर्धा खचलेला असतो. म्हणून वडिलांना पहिला प्रश्न विचारा: अंगदुखीची गोळी अजून चालू आहे का? चालू असेल तर आजच बंद करायला सांगा. दुखलंच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, तेही मोजकंच, कारण टीबीच्या गोळ्यांचा भार यकृतावर आधीच आहे. दारूचं मी समजावत बसत नाही, गोळ्या चालू असेपर्यंत ती पूर्ण बंद.

औषधांचाही थोडा वाटा आहे. वडिलांच्या एका गोळीत आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधं आहेत. त्यातली तीन मुख्यतः टीबीच्याच जंतूंवर चालतात, पण रिफॅम्पिसिन आतड्यातल्या इतर जंतूंवरही चालतं. हैतीमधल्या रुग्णांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: उपचार संपून वर्षभर उलटलं तरी त्यांच्या आतड्यातली जंतूंची वस्ती पूर्ववत झाली नव्हती, आणि घटलेल्यांत क्लॉस्ट्रिडिया गटातले जंतू ठळक होते. यांतले बरेच जंतू तंतुमय पदार्थ आंबवून ब्युटिरेट बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावर जगतात. हे वाचून कुणी रिफॅम्पिसिनला घाबरू नये. रिफॅम्पिसिन आहे म्हणून टीबी सहा महिन्यांत बरा होतो, नाहीतर दीड वर्ष औषधं घ्यावी लागतात. दुसरी गोष्ट, ‘चांगले जंतू’ आणि ‘चांगली रसायनं’ असा सरळ हिशोब टीबीत लागत नाही. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीबाधितांवर झालेल्या २०१७ च्याच एका अभ्यासात, ज्यांच्या रक्तात ब्युटिरेटच्या जातीची आम्लं जास्त होती त्यांना टीबी होण्याचा धोका जास्त दिसला, कारण ती टीबीविरुद्ध लागणारी प्रतिकारशक्तीही दाबतात. म्हणून ब्युटिरेटच्या कॅप्सूल किंवा असल्या पुड्या मी टीबीच्या रुग्णाला देत नाही.

तुमच्या लॅबवाल्यानं सुचवलेल्या तपासणीवर पैसे घालू नका. ती बहुतेक झोन्युलिनची, म्हणजे पेशींमधले सांधे सैल करणाऱ्या एका प्रथिनाची असते. बाजारातल्या त्या किट नेमकं झोन्युलिन मोजतच नाहीत, भलतीच प्रथिनं पकडतात, हे संशोधकांनी दाखवलेलं आहे. आणि आकडा वाढलेला आला तरी उपचारात एका गोळीचाही फरक पडणार नाही. तेवढ्या पैशात महिनाभराची अंडी येतील. प्रोबायोटिकच्या पावडरीनं टीबी लवकर बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. पाहुण्यांनी प्रेमानं आणलीय, बहुधा अपायही होणार नाही, पण इतक्या कृश माणसाला जिवंत जंतूंची पावडर द्यायला माझा हात धजत नाही. घरचं ताजं ताक द्या. सूज कमी करायची म्हणून स्टेरॉइड, किंवा कुठलाही अनोळखी काढा, चूर्ण, भस्म तर मुळीच नको. स्टेरॉइड आम्ही मेंदूच्या आवरणाच्या टीबीसारख्या ठरावीक ठिकाणीच देतो.

आता तपासण्यांचं. पोटाच्या तक्रारीला ‘गोळ्या गरम पडल्या’ म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि त्यात काही गंभीर गोष्टी झाकल्या जातात.

पहिली शंका यकृताची. मळमळ वाढली, उलट्या झाल्या, लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्या दिवसापासून गोळ्या थांबवून लगेच डॉक्टर गाठायचे आणि यकृताची तपासणी करायची. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, ते वेगळं, त्याला भ्यायचं नाही. दुसरी शंका आतड्याच्याच टीबीची. फुप्फुसाचा रुग्ण बेडका गिळत असतो. त्यातले जंतू पोटात उतरतात, म्हणून तर लहान मुलांच्या शौचातूनही सीबीनॅटवर (टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत) टीबी सापडतो. लहान आणि मोठं आतडं जुळतं ती उजव्या कुशीखालची जागा या जंतूंची आवडती. जेवल्यावर कळ येणं, पोटात गोळा फिरल्यासारखं वाटून गुडगुडून उतरणं, पोट फुगणं, उलटी, ही त्याची लक्षणं. मी वर सांगितलेलं अस्तराचं सैलपण आणि हा आतड्याचा टीबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैलपण सूक्ष्म असतं, डोळ्यांना दिसत नाही. आतड्याच्या टीबीत व्रण असतात, आतडं जाड होतं, अरुंद होतं. औषधं साधारण तीच, पण व्रण भरताना आकसून रस्ता बंद होऊ शकतो, म्हणून कळ येत असेल तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास पुढच्या तपासण्या टाळू नका. केजहून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथे हे सगळं होतं.

मधुमेह आणि एचआयव्हीची तपासणी टीबीच्या प्रत्येक रुग्णाची होतेच. वडिलांची झाली का आणि निकाल काय, हे कार्डावर बघा. कारण महत्त्वाचं आहे: बिघडलेल्या आतड्यातून औषधंही नीट शोषली जात नाहीत. चेन्नईतल्या क्षयरोग संशोधन केंद्राच्या २००४ सालच्या अभ्यासात एचआयव्हीबाधितांमध्ये, विशेषतः जुलाब असलेल्यांत, रिफॅम्पिसिन आणि आयसोनायझिड कमी शोषलं जातं असं आढळलं होतं. तुमच्या वडिलांचा बेडका निगेटिव्ह झालाय, ताप उतरलाय, म्हणजे औषध पोचतंय असं धरायला जागा आहे. पण पातळ होणं थांबवणं हे यासाठीसुद्धा गरजेचं आहे.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यांत आधी विचारावीशी वाटली ती: ते दूध किती पितात? गोळ्या गरम पडतात म्हणून घरोघरी टीबीच्या माणसाला दोन्ही वेळा पेलाभर दूध देतात. दूध उत्तमच, पण दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज विलायांच्या अगदी टोकावर असतं. विलाय झिजले की सगळ्यांत आधी तेच जातं. मग तेच दूध आतड्यात आंबतं, गॅस धरतो, पोट गुबारतं आणि पातळ होतं. वडिलांच्या लक्षणांशी हे तंतोतंत जुळतं. दहा दिवस दूध आणि दुधाचा चहा पूर्ण बंद करून बघा. त्याऐवजी दही, ताक चालेल, विरजणात ती साखर बरीच कमी होते. या दहा दिवसांत पोट शांत झालं तर उत्तर मिळालं. अस्तर सुधारलं की दूध थोडं थोडं परत सुरू करता येतं. सोबत पाणी उकळून, किंवा पाणी शुद्ध करणारं मेडिक्लोर टाकून अर्ध्या तासानं प्यायला द्या. टँकरचं असेल तर नक्कीच.

गोळ्यांच्या वेळेबद्दल खूप गोंधळ असतो. रिफॅम्पिसिन रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं, तेलकट भरपेट जेवणासोबत रक्तातली त्याची पातळी साधारण एक तृतीयांशानं खाली येते. म्हणून सकाळी उठल्यावर गोळ्या आणि तासाभरानं नाश्ता, हे उत्तम. पण त्यानं कुणाला रोज उलटी होत असेल तर थोडं हलकं खाऊन घेतलेली गोळी चालेल. घेतलीच नाही ती गोळी कशी चालेल? अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध गोळ्यांसोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा. वडिलांचे पहिले दोन महिने संपलेत, आता पायराझिनामाइड बंद होऊन तीन औषधांची गोळी सुरू होईल. मळमळ आणि तोंडाची चव जाणं यात बऱ्याच जणांना इथून फरक पडतो.

रक्त कमी असेल तर त्याचाही आतड्याशी संबंध आहे. सूज असताना यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. ते आतड्याच्या पेशींना लोह रक्तात सोडू देत नाही. पेशीत अडकलेलं लोह पेशी गळाली की शौचावाटे निघून जातं. म्हणून टीबीच्या पहिल्या आठवड्यांत लोहाच्या गोळ्या दिल्या तरी हिमोग्लोबिन हलत नाही, उलट पोट दुखतं, शौच काळं होतं. टीबी आटोक्यात आला की कित्येकांचं हिमोग्लोबिन आपोआप चढतं. तेव्हा दुकानातून टॉनिक आणू नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून डॉक्टर ठरवतील. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना आकडीच्या जंतांमुळेही रक्त कमी होतं, जंताची गोळी झाली नसेल तर विचारा.

सीआरपीचं म्हणाल तर वारंवार काढू नका. तो हळूहळू उतरतो. मला तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्याहून जास्त सांगतो तो वजनकाटा. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटानं ‘रेशन्स’ नावाचा मोठा अभ्यास केला. टीबीच्या २,८०० रुग्णांना उपचारासोबत दर महिन्याला कोरडा शिधा दिला, दिवसाला १,२०० उष्मांक आणि ५२ ग्रॅम प्रथिनं मिळतील एवढा. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. वडिलांचं ४० किलोवरून ५ टक्के म्हणजे दोन किलो. त्यांचं एकच वाढलंय. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, १५ आहे, म्हणजे कुपोषण तीव्र आहे. म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं की बसून राहू नका.

खायला काय द्यायचं, तर दिवसाला ६० ग्रॅमच्या पुढे प्रथिनं आणि हळूहळू २,००० उष्मांक असं गणित धरा. हे मराठवाड्यातल्या घरात बसतं. ज्वारीच्या तीन भाकरी, दोन वाट्या घट्ट तुरीचं किंवा उडदाचं वरण, दोन अंडी, दोन मुठी शेंगदाणे, दोन वाट्या दही, एवढ्यात प्रथिनं भरतात. एकदम पोटभर जेवण जाणार नाही, सहा वेळा थोडं थोडं द्या. ताकातल्या ज्वारीच्या कण्या सकाळी जातात, पातळ होत असतानाही पचतात, त्यात दाण्याचा कूट आणि चमचाभर तेल घातलं की ताकद वाढते. शेंगदाण्याचा लाडू खिशात राहतो. पण इतक्या उपाशी देहावर पहिल्याच दिवशी ढीगभर अन्न टाकायचं नाही, आठवड्याभरात चढवत न्यायचं. पायावर सूज आली, दम लागला, छाती धडधडली तर लगेच दवाखाना.

आणि पथ्य. वांगं नको, अंडं गरम, मटण नको, तेल बंद, दही थंड, हरभऱ्याची डाळ वातूळ असं एकेक करून आपण आजारी माणसाच्या ताटातून सगळी प्रथिनं काढून घेतो आणि मग साबुदाण्याची खीर आणि ग्लुकोजचं पाणी देतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे सगळं मायेपोटी होतं आणि त्याच मायेनं माणूस खंगतो. टीबीला दारू-तंबाखू सोडून कसलंही पथ्य नाही. वडिलांना ताटातलं काय आवडायचं ते आईला विचारा आणि तेच करायला सांगा. उपाशी आतड्यापुढून अन्न जायला लागलं की विलाय पुन्हा उभे राहायला लागतात.

पैशाचंही बोलू. टीबीच्या रुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. बीएमआय १८.५ च्या खाली असलेल्या रुग्णांना पहिले दोन महिने जास्त उष्मांकाचा पूरक आहारही देण्याचं ठरलेलं आहे. वडिलांच्या खात्यात काय जमा झालं, पूरक आहार मिळाला का, हे आशाताईंना किंवा क्षयरोग विभागाच्या पर्यवेक्षकांना विचारा. खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसे अडकतात. निक्षय मित्राकडून (रुग्णाला मदत करायला पुढे आलेली व्यक्ती किंवा संस्था) शिध्याची पेटी मिळण्याची सोयही असते, त्यांनाच विचारा. वजन ५० च्या गटात गेलं तर रोजच्या तीनऐवजी चार गोळ्या होतील, म्हणून दर महिन्याला वजन करून कार्डावर लिहून घ्या.

राहिला टोळीचा प्रश्न. माझं मत विचारलंत तर या हंगामात त्यांनी कोयता हातात धरू नये. बीएमआय १५ असलेल्या माणसानं मोळ्या वाहिल्या की खाल्लेलं सगळं त्यातच जळतं, अस्तराच्या वाट्याला काही उरत नाही. पण उचल घेतलेली असते, जोडीतला एक माणूस कमी झाला की घर अडचणीत येतं, हे मला ठाऊक आहे. मुकादमाशी बोलून त्यांच्या जागी दुसरा माणूस देता येतो का ते दसऱ्याच्या आधी बघा. कुटुंब जाणारच असेल आणि त्यांना मागे ठेवायला कुणी नसेल, तर त्यांनी कोपीवर राहावं, फडात उतरू नये. निघण्याआधी केजच्या केंद्रात कारखान्याचं नाव, तालुका आणि जिल्हा सांगा. निक्षय आयडी (टीबीच्या सरकारी नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक) देशभर चालतो, कर्नाटकात गेलात तरी उपचार तिथल्या केंद्राकडे ऑनलाइन वर्ग करता येतो. महिन्याभराच्या गोळ्या सोबत घ्या, कार्डाचा फोटो दोन मोबाइलमध्ये ठेवा. कोपीत सोबत झोपणाऱ्या सगळ्यांची, आधी लहान मुलांची, टीबीची तपासणी गाव सोडण्याआधी करून घ्या. ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक गोळ्या मिळतात. आणि त्यांच्याही ताटाकडे बघा: त्याच झारखंडच्या अभ्यासात रुग्णाच्या घरातल्या माणसांना शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं होतं.